रामगिरीची वाट आणि राखलेले पाणी

काश्मीरच्या गंगाबल, विशनसर तलावांकडे जाणाऱ्या वाटांवर दर पावसाळ्यात मराठी मंडळी मोठ्या हौसेने जातात. खाप्याहून तिथवर पोहोचायला रजा, पैसा आणि तब्येत या तिन्हींची जुळवाजुळव करावी लागते. पण डोंगर चढताना पाणी न्याहाळण्याचे सुख हवे असेल, तर खाप्याच्या माणसाला ते एका रविवारातही मिळते. सकाळी पारशिवनीमार्गे रामटेक गाठायचे आणि अंबाळा तलावाच्या काठावरून पायऱ्यांच्या वाटेने गडावर चढायचे.

वाट तशी छोटी आहे. घरची म्हातारी माणसे आणि पोरेही थांबत-थांबत चढतात. पण पायाखालचा दगड पाहत गेले, तर ही वाट बरेच काही सांगते. खाप्याजवळची गुमगावची मँगनीजची खाण आपल्याला ठाऊक आहे. तिथले मँगनीज सौसर गटाच्या ज्या खडकांत सापडते, त्याच कुळातले खडक रामटेकच्या डोंगरात, म्हणजे रामगिरीत, आहेत. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे रामगिरी फारच वडीलधारी.

हा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि त्या वळणाच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. अर्ध्या वाटेवर थांबून खाली पाहिले, की हिमालयातल्या तलावाचे चित्र आठवते : तीन बाजूंनी उतार आणि मधे पाणी. कारण मात्र अगदी निराळे. गंगाबलसारखे तलाव हिमनद्यांच्या प्रदेशातले. सरकता बर्फ सोबतच्या दगडांनी कातळ खरवडतो, खळगा खोल करतो आणि पुढे दगडमातीचा ढीग लोटून ठेवतो. बर्फ वितळून मागे हटला, की त्या खळग्यात पाणी साठते. रामटेकला हिमनदीने हे काम केलेले नाही. इथे डोंगर झिजवला पावसाने आणि वाऱ्याने. उतारावरून येणारे पाणी जपले, त्याला दगडी घाट बांधले आणि काठावर देवळे उभारली ती माणसांनी.

ही माणसे किती जुनी, हे कळायला वर जावे लागते. गडावरच्या केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवरचा चुना काढल्यावर पाचव्या शतकातला, वाकाटकांच्या काळचा शिलालेख उजेडात आला. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याचा तो लेख. त्यांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे पायथ्याजवळचे नगरधन. या लेखात सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. याच नावाचा तलाव गिरनारच्या पायथ्याशीही होता. तो मौर्यांच्या काळात बांधला गेला. बांध फुटल्यावर इ.स. 150च्या सुमारास राजा रुद्रदामनाने तो दुरुस्त केला आणि पुढे पुन्हा फुटल्यावर प्रभावतीचा भाचा स्कंदगुप्त याच्या काळात त्याची डागडुजी झाली. ज्याने बांधला त्याच्याइतकेच, ज्यांनी दुरुस्त केला त्यांचेही नाव दगडावर कोरले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रामटेकच्या गडमंदिराची पुन्हा उभारणी अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी केली. तिथून दूरवर खिंडसीचे पाणी चमकताना दिसते. हा तलाव इंग्रजी अमदानीत, सूर नदीवर बांध घालून 1913च्या सुमारास तयार झाला. एका चढणीत असे दोन काळांचे दोन जलाशय दिसतात. इथून पूर्वेला भंडारा, गोंदियाकडे किंवा दक्षिणेला चंद्रपूरकडे निघालो, की मालगुजारी तलावांचा मुलूख लागतो. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी जमिनीचा उतार ओळखून घातलेली मातीची पाळ, पाणी सोडायची जागा, शेतात जाणारे पाट आणि पाण्याची वाटणी करणारा पाणकर अशी ती पुरी व्यवस्था होती. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावच्या महसुलाची जमीनदारी पद्धत, गेली आणि तलाव सरकारकडे आले. गावाचा रोजचा हात सुटला, तिथे गाळ वाढत गेला आणि पाळी खचल्या.

बर्फाने कोरलेला तलाव माणसाच्या हाताची वाट पाहत नाही. आपले तलाव पाहतात. उतारावरची झाडे तुटली, की माती वाहून येते. माती आली, की पाणी मावत नाही. अंबाळ्याच्या काठी लोक पिंडदान करतात, तेव्हा निर्माल्य आणि प्लॅस्टिक पाण्यात न टाकणे ही श्रद्धेचीच गोष्ट आहे.

जायचे असेल तर श्रावणापासून पौषापर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यात नऊनंतर दगड तापतो. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा घट्ट पकडीचे जोडे घालावेत. पाणी सोबत असावे, खाऊ मात्र पिशवीत बंद ठेवावा, वानरे हातातला घास नेतात. उतरताना अंबाळ्याचे घाट सावकाश पाहावेत.

मुलांना आवर्जून न्यावे. पाणी कोणत्या उतारावरून येते, कुठे थांबते आणि कशाने थांबते, हे त्यांना वरून एका नजरेत दाखवता येते. हे ज्याने पाहिले, तो आपल्या गावाच्या तलावाचा गाळ कधी निघाला आणि पाळ कोण पाहतो, हे ग्रामसभेत उभे राहून विचारील. असे विचारणारे लोक गावोगाव हवेत.