संगणकाचे डोके गार कसे ठेवावे?

कूलर म्हटले की उन्हाळ्यात खिडकीला टेकवलेला पत्र्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी नाही. संगणकाच्या पोटात प्रोसेसरच्या डोक्यावर जो बसलेला असतो, त्याच्याविषयी आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या फंदात का पडावे, असे आपण विचाराल. उत्तर आमच्या आजीपाशी आहे. तिची अहिराणी गाणी मी घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करतो. तिचा आवाज आता फार बारीक झाला आहे, आणि मायक्रोफोनला आजी व पंखा यांत भेद करता येत नाही.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चकती. तिच्यात ६५ ते १२५ वॉट वीज जिरते आणि जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या ६० वॉटच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना अधिक सांगणे नको. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरला पंखा लागत नसे. १९९३ च्या पेंटियमपासून तो घरोघरी दिसू लागला.

देवळ्याच्या वाचकाला कूलरची रचना समजावणे सोपे, कारण त्याने कांद्याची चाळ पाहिलेली असते. चाळीचा तळ जमिनीपासून उंच आणि फटींचा. खालून हवा शिरते, ढिगातून फिरते, ऊब घेऊन वरून निघून जाते. ढीग फार उंच रचला तर मधला कांदा सडतो, कारण तिथवर हवा पोचत नाही. कूलरमधील अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे याच न्यायाने अंतर ठेवून रचलेले असतात. प्रोसेसरची उष्णता त्यांच्यापर्यंत नेतात त्या तांब्याच्या बंद नळ्या. आत थोडेसे पाणी, तेही कमी दाबाखाली. म्हणून ते शंभर अंशांच्या बऱ्याच आधी उकळते. वाफ पत्र्यांकडे जाते, थिजून पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. या कामाला वीज लागत नाही. मला तर कूलरमधला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो!

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लेप हवाच. तांबे हवेपेक्षा दहा हजार पटींहून अधिक उष्णता वाहते, म्हणून मध्ये राहिलेली हवेची बारीक पोकळीही नडते. लेप वाटाण्याएवढा पुरे. लोणी फासल्यासारखा थापू नये.

आता आवाज. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून ८० मिलिमीटरचा भिरभिरणारा पंखा घेण्यापेक्षा १२० चा संथ पंखा घ्यावा; त्याचे क्षेत्र सव्वादोन पट असते. जोडणी चार तारांची असावी, म्हणजे काम हलके असताना संगणक त्याचा वेग आपोआप कमी करतो.

खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने खोली गार करतो. हा कूलर मात्र खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६० दाखवत असेल, तर आपल्या ४० अंशांच्या वैशाखात तो तेवढ्याच कामाला ७५ च्या आसपास जाणार. ९५-१०० च्या पुढे तो स्वतःच मंदावतो. म्हणून विक्रेत्याने ‘६५ वॉटला पुरेल’ म्हटले तरी एक पायरी मोठा घ्यावा. तो कमी वेगात भागवतो. त्याआधी पेटीची रुंदी मोजावी. असे उंच कूलर १५५-१६० मिलिमीटरचे असतात आणि मग झाकण बसत नाही.

पाण्याचा कूलर घ्यावा का? पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात (२०१९) पाणी थेट प्रोसेसरपाशी नेले आहे. तिथे ते शोभते. घरच्या ६५ वॉटसाठी पंपाची घरघर विकत घेणे मला तरी पटत नाही.

राहिली धूळ. कांद्याचा हंगाम सुरू झाला की पापुद्रे आणि माती पत्र्यांच्या फटींत जाऊन बसतात. दोन महिन्यांनी संगणक बंद करून, पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने झाडावे.