‘शासन’चा पट आणि हडपसरचा मतदार

राजकीय डावपेचांच्या पटखेळांविषयी सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, पटावर ज्याचे मतदार अधिक, तोच विजयी ठरतो. झैन मेमन यांनी रचलेल्या आणि मुंबईच्या मीमेसिस कल्चर लॅबने २०१९ मध्ये लोकवर्गणीतून लोकांपुढे आणलेल्या ‘शासन’ या दोन ते पाच खेळाडूंच्या खेळात मात्र पट नऊ विभागांत वाटलेला असतो, आणि एखाद्या विभागातील निम्म्याहून अधिक जागा एकाच खेळाडूच्या मतदार-सोंगट्यांनी व्यापल्या, तरच तेथे त्याचे बहुमत होते. अखेरीस केवळ बहुमतातल्या सोंगट्या मोजल्या जात असल्याने, एका जागेने हुकलेल्या विभागातील साऱ्या सोंगट्या वाया जातात.

खेळाडू आरंभीच एखादी विचारसरणी निवडतो, हाही समज खरा नाही. प्रत्येक पाळीला दुसरा खेळाडू त्याला धोरणविषयक प्रश्न वाचून दाखवतो, दोन उत्तरांपैकी एक निवडावे लागते, आणि उत्तर दिल्यावरच त्यातून निधी, प्रसिद्धी, दबदबा की विश्वास यांपैकी काय हाती आले ते कळते. मतदार याच साधनांनी मिळवायचे असल्याने विचारसरणी उत्तरागणिक घडत जाते. या खेळाचे सारे मर्म याच रचनेत आहे.

बहुमताचा हा नियम प्रत्यक्ष निवडणुकीलाही लागू आहे, असे मानणे ही तिसरी चूक होय. भारतात लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत, इतरांहून अधिक मते पुरतात. म्हणूनच मतविभागणीला येथे जे मोल आहे, ते पटावर तितके दिसत नाही.

पटावर बहुमत मिळवलेला खेळाडू मतदाराची सोंगटी शेजारच्या विभागात सरकवू शकतो. प्रत्यक्षात मतदार घरीच राहतो, हलते ती सीमारेषा, आणि तीही कोणा पक्षाच्या मर्जीने नव्हे, तर निश्चित प्रक्रियेने: प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागवून सुनावणी होते, मग अंतिम रचना ठरते. सीमेचा परिणाम मात्र पटाइतकाच ठळक असतो. हडपसरचा रहिवासी पुणे महापालिकेसाठी नगरसेवक निवडतो, पण लोकसभेला तो पुणे नव्हे, तर शिरूर मतदारसंघात मत देतो, कारण २००८ च्या पुनर्रचनेत हडपसर हे जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर आणि भोसरी यांच्यासोबत जोडले गेले. त्यामुळे हडपसरच्या मगरपट्ट्यातील संगणक अभियंता आणि जुन्नरचा कांदा उत्पादक यांचा खासदार एकच असतो.

एक गोष्ट या पटावर उमटूच शकत नाही. तेथे पाळी संपली की पुढच्याची पाळी येतेच. पुणे महापालिकेत मात्र मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही, आणि हडपसरच्या रस्त्यांचा व पाण्याचा निर्णय या काळात प्रशासकाच्या हाती राहिला.