जुनं जपताना : भाग ६
ड्रमला नवा साज चढवावा का?

मागच्या भागात लाकडी रेडिओच्या पेटीला पुन्हा पॉलिश करावं का, ते पाहिलं. ड्रमच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त किचकट होतो. रेडिओची पेटी नुसती बघायची असते, ड्रमचा शेल, म्हणजे त्याचं गोल नळकांडं, मात्र वाजतो.

उदाहरणासाठी शिकागोच्या लुडविग कंपनीचे १९६०च्या दशकातले ड्रम घेऊ. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स एड सुलिव्हन शो या टीव्ही कार्यक्रमात झळकले. त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बास ड्रमवरचं कंपनीचं नाव अमेरिकेतल्या घराघरांत दिसलं आणि कारखान्याला दिवसरात्र काम पुरलं. त्या काळात ड्रम भरपूर बनले, म्हणून आजही ते सापडतात. बहुतेक सापडतात ते मळलेले, पिवळे पडलेले.

यातल्या पुष्कळ लाकडी ड्रमवर रंग लावलेलाच नसतो. मोत्यासारखा किंवा चमचमता दिसणारा सेल्युलॉइडचा पातळ पत्रा शेलभोवती चिकटवलेला असतो. त्याला रॅप म्हणतात. वर्षानुवर्षं उजेड लागून त्याचा वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो. मग पांढरा मोती सायीच्या रंगाचा दिसतो आणि निळा स्पार्कल हिरवट. एखादा लग, म्हणजे ताण देणारा स्क्रू ज्यात बसतो तो शेलवरचा धातूचा तुकडा, सोडवून पाहा. त्याच्याखाली उजेड न लागलेला चौकोन अजून निळाशार असतो. ‘मूळचा रंग’ कोणता, याचं उत्तर तिथंच मिळतं.

मग रॅप काढून नवा लावला तर? काढताना सरसासोबत लाकडाचा वरचा पापुद्रा उचकटून येतो. सरस मऊ व्हावा म्हणून कोणी हीट गन लावतात, तेही धोक्याचं, कारण जुना सेल्युलॉइड चटकन पेट घेतो. जोडापाशी रॅप सुटला असेल तर तेवढाच भाग पुन्हा चिकटवून घट्ट बांधून ठेवावा. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं एवढ्यानं उरलेला मळ निघतो.

हेड, म्हणजे वर ताणलेला पडदा, काढून आतही डोकावा. बऱ्याच शेलच्या आत पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर लाल शाईत तारखेचा शिक्का असतो. तो घासून काढला की ड्रमचा जन्मदाखलाच गेला. बाहेरच्या बॅजवर क्रमांक असला तरी त्यावरून साल नेमकं ठरत नाही. म्हणून आतून सॅंडपेपर मारायचा मोह टाळावा.

धातूच्या ड्रमची तऱ्हा वेगळी. लुडविगचा सुप्राफोनिक हा स्नेअर, म्हणजे खालच्या बाजूला तारा असलेला ड्रम, आधी पितळेचा होता, पुढे तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा झाला. ॲल्युमिनियमवर क्रोमचा मुलामा नीट धरत नाही. घाम आणि दमट हवा बारीक छिद्रांतून आत शिरते, खालचा धातू गंजतो आणि क्रोमला फोड येऊन पापुद्रे सुटतात. कोकण-गोव्याच्या हवेत हे लवकर होतं. तारेच्या घासणीनं घासलं तर पापुद्रे आणखी उडतात. पुन्हा मुलामा द्यायचा तर जुना पूर्ण उतरवावा लागतो आणि खड्डे तरीही दिसतात. फोड आलेला सुप्राफोनिकही वाजायला उत्तमच असतो. त्याला कोरडा ठेवावा आणि वाजवावा.

१९२०च्या दशकातला, आज ब्लॅक ब्यूटी म्हणून ओळखला जाणारा कोरीव ड्रम असेल तर आणखी जपायला हवं. पितळेवरचा काळा निकेल मुलामा इतका पातळ असतो की नेहमीच्या धातूच्या पॉलिशनं तोच निघून येतो. ‘घासून लख्ख’ केलेले असे पिवळे ड्रम दिसतात. त्यांचा काळा रंग परत येत नाही, नक्षी तेवढी उरते.

हे झालं दिसण्याचं. आवाज बऱ्याच अंशी ठरतो तो हेड जिथं टेकतं त्या काठावर, म्हणजे बेअरिंग एजवर. जुन्या लुडविगचे काठ गोलसर असल्यानं हेड जास्त लाकडावर टेकतं आणि स्वर उबदार, आटोपशीर येतो. ‘सुधारणा’ म्हणून ते ४५ अंशांत धारदार कापले की ड्रम जास्त घुमतो, चमकदार वाजतो, पण तो १९६४चा ड्रम राहत नाही. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

मग नवा साज कधी चढवावा? आधीच्या मालकानं रॅप फाडून ऑइल पेंट फासला असेल, नव्या स्टँडसाठी भोकं पाडली असतील, काठ तुटला असेल, तर जपण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. असा ड्रम खुशाल नव्यानं रंगवा, भोकं बुजवा, काठ सारखे करा. तो वाजवण्यासाठीच आहे. मूळ अवस्थेतला ड्रम हाती आला तर मात्र आधी एवढंच विचारा : उद्या मन बदललं तर हे मागं घेता येईल का? हेड, तारा, स्क्रूचं तेलपाणी, सुटलेला जोड हे सगळं येईल. सॅंडपेपर, ड्रिल आणि पॉलिशचं चाक यांनी केलेलं येणार नाही.

पुढच्या भागात : कातड्याचं हेड, मायलारचं हेड आणि काही जुन्या शेलवर नवं हेड का बसत नाही.