विश्लेषण : दिवाळखोरीतही शैक्षणिक कर्ज का सुटत नाही? अमेरिकेतील ‘हलाखी’ची अट काय?

अमेरिकेत दिवाळखोरी मंजूर झाली की क्रेडिट कार्डची थकबाकी, रुग्णालयाची बिले सहसा माफ होतात. शैक्षणिक कर्ज मात्र डोक्यावर राहते. ते कधीच सुटत नाही, हा समज त्यातूनच पसरला. प्रत्यक्षात ते सुटू शकते, पण मागावे लागते. कायद्याचे अभ्यासक जेसन युलियानो यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार, दिवाळखोरीत गेलेल्या हजार शैक्षणिक कर्जदारांपैकी जेमतेम एकाने अशी मागणी केली होती. मागणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पूर्ण किंवा अंशतः माफी मिळाली.

नियम इतका कडक कसा झाला?
१९७६ मधील कायद्याने सरकारी शैक्षणिक कर्जाची माफी पहिली पाच वर्षे रोखली. १९९० मध्ये ही मुदत सात वर्षे झाली. १९९८ मध्ये मुदतीनंतरची सूटच रद्द झाली आणि २००५ मध्ये बहुतेक खासगी शैक्षणिक कर्जेही याच नियमात आली. वाट एकच उरली : ‘अनड्यू हार्डशिप’, म्हणजे सोसण्यापलीकडची हलाखी.

हलाखी कशी ठरते?
कायद्यात व्याख्या नाही. त्यामुळे बहुतेक न्यायालये १९८७ च्या ब्रुनर खटल्यातील तीन निकष लावतात.
• कर्ज फेडत राहिल्यास किमान गरजाही भागणार नाहीत.
• ही स्थिती पुढेही बराच काळ टिकेल.
• कर्जदाराने फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे.
हे सिद्ध करण्यासाठी दिवाळखोरीच्या अर्जाशिवाय वेगळा दावा लावावा लागतो. वकिलाचा खर्च आणि साक्षीपुरावे यांच्या धास्तीने अनेक जण तिथेच थांबतात.

२०२२ मध्ये काय बदलले?
नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने सरकारी कर्जांसाठी नवी पद्धत आणली. कर्जदार उत्पन्न-खर्चाचा तपशील एका ठरावीक अर्जात शपथेवर देतो. निकषात बसल्यास सरकारी वकील माफीला संमती देऊ शकतात. वय ६५ वा अधिक, अपंगत्व, पदवी अपूर्ण राहणे अशा बाबी कर्जदाराच्या बाजूने धरल्या जातात. अंतिम निर्णय न्यायाधीशांचाच. खासगी कर्जांना ही पद्धत लागू नाही.

भारतात काय?
भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही शैक्षणिक कर्ज ‘वगळलेल्या कर्जां’च्या यादीत टाकले आहे. त्या यादीत हलाखीचा अपवाद नाही.