पाठवले, पण पोचले का?

समजा, माजलगावच्या एका जिनिंग कारखान्याने इचलकरंजीच्या सूतगिरणीला कापसाच्या गाठी धाडल्या आणि बिल ईमेलने पाठवले. आठ दिवसांनी गिरणी म्हणते, "बिल आलंच नाही." कारखान्याचा कारकून म्हणतो, "मी तर त्याच दिवशी पाठवलं." दोघेही खरे बोलत आहेत. पैसे मात्र अडकले, आणि ज्यांनी कापूस घातला ते शेतकरी दारात उभे. कारकुनावर ओरडण्यापूर्वी, ईमेल वाटेत कोठे अडते ते पाहू.

कागदी पत्राची रीत तुम्हांला ठाऊक आहेच. बीड शहराचा पिन ४३११२२. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून निघालेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल छाटणारा पिन पाहतो. नाव पाहायचे ते शेवटी पोस्टमनने. ईमेलच्या पत्त्याचेही असेच दोन भाग असतात. मधल्या वेटोळ्या चिन्हाच्या आधी माणसाचे किंवा खात्याचे नाव, नंतर संस्थेचे. या दुसऱ्या भागाला डोमेन म्हणतात. कारखान्याचा मेल सर्व्हर, म्हणजे त्याचे टपालघरच म्हणा ना, आधी इंटरनेटच्या नामसूचीत विचारतो, 'या डोमेनचे टपाल कोण घेतो?' उत्तर मिळाले की थेट त्या सर्व्हरचे दार ठोठावतो.

मग दोन यंत्रांत चक्क बोलणे होते. त्याची रीत १९८२ साली ठरली आणि मुळात तीच आजही चालते. आरंभाचा शब्द आपल्या टेलिफोनवरच्या 'हॅलो'चाच भाऊ! पत्र कोणाकडून, कोणासाठी, हे पाठवणारा सांगतो, आणि समोरचा दर वेळी तीन आकडी उत्तर देतो. सारी मेख या आकड्यांत आहे.

मजकूर देऊन झाल्यावर २५० हे उत्तर आले, तर रजिस्टर पत्राच्या पोचपावतीवर सही झाली असे समजा. पुढची जबाबदारी गिरणीच्या सर्व्हरची. बिल तरीही दिसत नसेल, तर शोध तिकडे, स्पॅमच्या खणात घ्यायचा. ते २५० पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत तारीखवेळेसह सापडते.

चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आता नको, मागाहून या'. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला मुद्दामच एकदा माघारी धाडतात. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतो. फुकटच्या जाहिराती वाटणारा बहुधा येत नाही. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस खेटे घालतो, मग हात टेकतो.

पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे साफ नकार. मग 'मेलर-डीमन' अशा काहीशा राक्षसी नावाने परतीची चिठ्ठी येते. आपल्या कारकुनालाही ती आली असेल, आणि इंग्रजी पाहून त्याने पुसून टाकली असेल! ती पुसू नये. तीत ५.१.१ असेल तर त्या नावाचे खाते तिथे नाही, तेव्हा पत्त्याचे स्पेलिंग तपासा. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. ती गिरणीने रिकामी करायची.

५.७ ने आरंभ होणारा आकडा असेल तर मात्र दुखणे बहुधा आपल्याच घरी असते. आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवतील, याची यादी डोमेनचा मालक नामसूचीत लावतो. तिला एसपीएफ म्हणतात. कारखान्याने इंटरनेटची कंपनी बदलली, सर्व्हरचा आकडी पत्ता बदलला, आणि यादीत जुनाच राहिला, की गिरणीचा सर्व्हर म्हणतो, 'हा तोतया!' याच यादीकडे दुसरा सर्व्हर काणाडोळा करतो, म्हणून इतरांची पत्रे पोचतात आणि एकाच ठिकाणची अडते. तिथे बिल दहादा पाठवून भागत नाही. डोमेन सांभाळणाऱ्याला ती चिठ्ठी जशीच्या तशी पाठवावी. मोबाइलवर काढलेला अर्धामुर्धा फोटो त्याला पुरत नाही. आणि हो, चिठ्ठीच जर पासवर्ड मागू लागली, तर ती खोटी समजावी.

यादी दुरुस्त झाली तरी जुनी नोंद इतर यंत्रांच्या आठवणीत काही तास राहू शकते. तेवढा वेळ जाऊ द्यावा आणि बिल नव्याने पाठवावे. परत आलेले पत्र आपणहून पुन्हा निघत नाही.