पोलाद, पाणी आणि मीठ : जीपवरील पोलादी सामानाचे गंजापासून रक्षण



स्मृतिव्याख्यानाचा विषय विज्ञानाचा असावा आणि तो व्यवहारातही उपयोगी पडावा, ही संयोजकांची अपेक्षा ध्यानात घेऊन मी जीपवर बसविल्या जाणाऱ्या पोलादी सामानाचा विषय निवडला आहे. छतावरील कॅरिअर, पायदान, स्टेपनीची चौकट, डब्यांचा स्टँड, ओढण्याचा हुक, विंच ही ती मंडळी. विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या ओढ्यांच्या पाण्यातून वाट काढतात आणि त्यांवर कित्येक घरांची चूल पेटते. अडकलेली गाडी ओढताना आतून पोखरलेला हुक तुटला, तर तो बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतो. कॅरिअरचा पाया निखळला, तर सारा भार मागून येणाऱ्याच्या वाटेत पडतो. म्हणून गंजाचा प्रश्न हा शोभेचा नसून जिवाचा आहे.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. गोव्याच्या खाणींतील तांबडा दगड हे लोखंडाचे ऑक्साइडच आहे. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून आपण त्यातील प्राणवायू काढून घेतो, तेव्हा लोखंड हाती येते. संधी मिळताच ते मूळ अवस्थेकडे परतू पाहते. हा परतीचा प्रवास म्हणजे गंज. त्याला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात आणि तो विजेच्या घटासारखा चालतो : धातूच्या एका भागी लोखंड विरघळते, दुसऱ्या भागी प्राणवायू वापरला जातो आणि दोहोंमधून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो.

केंब्रिजच्या यू. आर. एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने ही गोष्ट दाखवून दिली. पोलादावरील थेंबाच्या कडेला हवा मुबलक पोहोचते, मध्यभागी कमी. लोखंड विरघळते ते मध्यभागी! ज्या जागी हवा कमी, तीच जागा खाल्ली जाते. आजच्या व्याख्यानाचे सार या थेंबात आहे. चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, वॉशरच्या तळाशी, अर्धवट बंद नळीच्या पोटात, म्हणजे जेथे पाणी साचते आणि हवा कमी पडते तेथेच पोलाद झिजते. उघड्या पृष्ठभागावर दिसणारा तांबूस डाग त्या मानाने निरुपद्रवी असतो.

आता मिठाकडे वळू. स्वच्छ पोलादही हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की झपाट्याने गंजू लागते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतून पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होते. म्हणजे समुद्रकाठच्या गाडीवर पावसाळा संपल्यानंतरही एक अदृश्य ओलावा राहतो. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, पण वाऱ्याला ती लागू नाही. गाडी वाळूत न जाताही तिच्यावर मीठ बसतेच.

या शत्रूला अडविण्याचे उपाय दोन : आडोसा आणि बलिदान. रंग हा आडोसा आहे. जस्त हे बलिदान आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळावरील तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडले, तेव्हा ते तुकडे झिजले आणि तांबे वाचले. पोलादाला वितळत्या जस्तात बुडविण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडविलेल्या तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर साधारण ७० मायक्रॉनचा थर बसतो. विजेच्या साहाय्याने चढविलेला चकचकीत मुलामा बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचाच असतो. खाऱ्या हवेत जस्त वर्षाला काही मायक्रॉन झिजते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंच्या आयुष्यातील अंतर कळते. रंगावर ओरखडा पडला की आडोसा तुटतो आणि पाणी रंगाखाली सरपटत जाते. जस्तावर ओरखडा पडला, तर शेजारचे जस्त स्वतः झिजून उघड्या पोलादाला सांभाळते. बाजारातील चंदेरी रंग हा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्याला जस्त समजू नये.

तेव्हा सामान करवून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. नळी एकतर सर्व बाजूंनी पूर्ण बंद असावी, नाहीतर तिच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोक असावे. जस्तात बुडवायची असेल तर भोके आधीच पाडणे अनिवार्य आहे, कारण कोंडलेल्या हवेने व ओलाव्याने स्फोट होऊ शकतो. जोडकाम ठिपक्याठिपक्यांचे नसून सलग असावे, म्हणजे फटी उरत नाहीत. धारदार कडा घासून गोल कराव्यात, कारण कडेवर रंग पातळ बसतो. गाडीच्या चॅसीला भोक पाडावे लागलेच, तर त्याच्या कडेला आधी रंग द्यावा, मग ग्रीस लावून बोल्ट बसवावा. एक गोष्ट ओघात सांगतो : पुढचे मोठे क्रॅश गार्ड बसविणे मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. त्याच्या रक्षणाची चिंता म्हणूनच मी करीत नाही.

रंगकामात खरा जीव असतो तो पूर्वतयारीत. नव्या पत्र्यावरील निळसर काळी खपली ही संरक्षक नसते. तिच्या भेगांतून गंज शिरतो आणि ती रंगासकट सुटते. प्रथम तेलकटपणा काढावा, मग वाळूच्या माऱ्याने अथवा तारेच्या ब्रशाने आणि पॉलिशपेपरने धातू उघडा करावा आणि दमट हवेत काही तासांच्या आतच जस्तयुक्त अस्तराचा हात द्यावा. त्यावर इपॉक्सी, आणि उन्हाला टिकावे म्हणून शेवटी पॉलियुरेथेन. कडा आणि सांधे यांवर ब्रशाने एक हात जादा मारावा. जस्तात बुडविलेल्या सामानावर मात्र तेलयुक्त एनॅमल थेट लावू नये. ते सोलून निघते. नळ्यांच्या पोटात मेणयुक्त तेल फवारावे.

आधीच गंजलेल्या जागी काय करावे? सुटे पापुद्रे खरवडून काढावेत. उरलेल्या पातळ गंजावर टॅनिनयुक्त अथवा फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावता येते. टॅनिन आपल्याला परके नाही. हिरडा आणि हिराकस यांच्या काळ्या शाईत जी क्रिया घडते, तिच्याच जातीची क्रिया होऊन गंज काळपट आणि काहीसा स्थिर होतो. परंतु हुक, शॅकल, साखळी यांसारख्या कठीण पोलादाला आम्ल लावू नये, कारण त्यातून धातूत शिरणारा हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. त्यांना तापवू नये, वेल्डिंग करू नये. खोल खड्डे वा पापुद्रे दिसले, तर ते मोडीत घालावेत. येथे काटकसर करू नये.

उरते ती निगा. चिखलातून आल्यावर गोड्या पाण्याने, विशेषतः खालून आणि सांध्यांतून, गाडी धुवावी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चिखल नसला तरी दर आठवड्याला धुवावी. धुतल्यावर ती उघड्या हवेत वाळू द्यावी. ओल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे म्हणजे गंजाला छप्पर देणे होय. विंचचा तारदोर पाण्यात गेला असेल, तर तो पूर्ण उलगडून, वाळवून, तेल लावून गुंडाळावा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळे बोल्ट काढून त्यांच्या खालची जागा डोळ्यांनी पाहावी. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो पत्रे फाकवतो. फाकलेला सांधा ही त्याने दिलेली पहिली सूचना असते.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे उभा आहे. त्यातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी विशद केले आहे. पण त्याला दिल्लीच्या कोरड्या हवेचेही साहाय्य आहे. आपल्या जीपच्या नशिबी ते पोलाद नाही आणि ती हवाही नाही. आपल्या हाती आहे ती दृष्टी : जेथे पाणी साचते, जेथे हात पोहोचत नाही आणि जेथे आपण पाहत नाही, तेथे आधी पाहावे. ज्या हुकावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, त्याच्या मालकाकडून एवढी अपेक्षा करणे अधिक होणार नाही.