पोटातील तटबंदी

"पोर जेवते तर पोटभर, पण खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही," असे उद्गार घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून तुम्ही कधी ना कधी ऐकले असतीलच. भाकरी तीच, वरण तेच, ताटही तितकेच भरलेले. तरी एक मूल तरतरीत वाढते आणि दुसरे किरकोळच राहते. असे का बरे व्हावे? अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीरात गेले, अशी आपली समजूत असते. वास्तविक तसे नाही. आपला अन्नमार्ग ही एक लांबच लांब नळी आहे आणि तिच्या पोकळीत असलेले अन्न अजून शरीराच्या उंबरठ्यावरच उभे असते. तो उंबरठा ओलांडून ते रक्तात मिसळेल, तेव्हाच ते अंगी लागले असे म्हणता येईल. हा उंबरठा कसा असतो, त्याची राखण कशी होते आणि तो ढासळला म्हणजे काय घडते, ते आज आपण पाहू.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका तुम्हांस ठाऊक आहेच. दूध विकण्यासाठी गडावर गेलेल्या त्या गवळणीला परतण्यास उशीर झाला, दरवाजे बंद झाले, आणि घरी एकट्या असलेल्या तान्हुल्याच्या ओढीने ती रात्री कडा उतरून खाली गेली. शिवाजी महाराजांनी तिच्या धैर्याचा गौरव केला. परंतु जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधून घेण्यासही ते विसरले नाहीत, असे ही कथा सांगते. या कथेत गडाच्या रक्षणाचे मर्म आहे. दूध, धान्य, सरपण यांसाठी गडाचा दरवाजा उघडावाच लागतो. मात्र पहाऱ्यावाचून एकही वाट राहून चालत नाही. दरवाजाच नसेल तर गडावर उपासमार होईल आणि तटाला भगदाड असेल तर शत्रू आत शिरेल. आपल्या आतड्याच्या भिंतीलाही नेमके हेच दुहेरी काम करावे लागते.

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्याच्या आतील अस्तराला घड्या असतात, त्या घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक रसांकुर असतात आणि त्या रसांकुरांवरील प्रत्येक पेशीला त्याहूनही सूक्ष्म केसाळ कड असते. हे सारे पसरून मोजले, तर पचनमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहानशा वर्गखोलीच्या जमिनीएवढे भरते. नवल असे, की एवढी विस्तीर्ण भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची आहे! तिच्या एका बाजूस अन्न, पाचकरस आणि अगणित सूक्ष्मजंतू, तर दुसऱ्या बाजूस आपले रक्त. हे अस्तर सतत झिजते व सतत नवे होते. त्यातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. अखंड डागडुजी चाललेला असा तट दुसरा क्वचितच सापडेल.

पचलेल्या अन्नातील साखर, प्रथिनांचे घटक आणि क्षार यांना आत घेण्यासाठी प्रत्येक पेशीला स्वतःचे निवडक दरवाजे असतात. पण दोन पेशींच्या मधल्या फटीचे काय? तटाच्या दोन दगडांमध्ये चुना असावा, तसे पेशींना जोडणारे घट्ट सांधे तेथे असतात. १९६३ साली मेरिलिन फार्कर व जॉर्ज पॅलाडे या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या सांध्यांची रचना स्पष्टपणे दाखवून दिली. हे सांधे चुन्यासारखे निर्जीव मात्र नाहीत. गरजेप्रमाणे ते किंचित सैल होतात व पुन्हा आवळले जातात; पाणी आणि काही क्षार त्यांतून झिरपतात, परंतु मोठे कण व जंतू सहसा जाऊ शकत नाहीत. शिवाय तटाबाहेर खंदक असावा तसा भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि भिंतीच्या आतल्या अंगाला रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचा खडा पहारा असतो.

कधी कधी हे सांधे प्रमाणाबाहेर सैल होतात किंवा भिंतीच्या पेशीच जखमी होतात. मग जे बाहेर राहावे ते आत झिरपू लागते. यालाच सामान्य भाषेत 'गळके आतडे' म्हणतात. जुलाब लावणारे जंतू, अतिरिक्त मद्यपान, काही वेदनाशामक औषधांचा दीर्घकाळ वापर आणि आतड्याला सूज आणणारे काही आजार यांमुळे असे घडते. सिलिअॅक नावाच्या विकारात तर गव्हातील ग्लुटेन हे प्रथिनच निमित्त होते. या रोग्यांच्या शरीरातील पहारेकरी ग्लुटेनवर चालून जातात आणि त्या झटापटीत स्वतःचेच रसांकुर झडून सपाट होतात. विलेम डिके या डच बालवैद्याला गव्हाविषयी शंका होतीच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. सारा देश भुकेने व्याकूळ असताना हे रोगी बालक मात्र सुधारू लागले आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडले! डिके याने चिकाटीने प्रयोग केले व १९५० साली आपला निष्कर्ष प्रबंधरूपाने मांडला. गहू वर्ज्य केला, की अशा रोग्यांचे रसांकुर बहुधा पुन्हा उभे राहतात. इतरांनी मात्र गव्हाला भिण्याचे कारण नाही.

आपल्या देशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कारण आहे ते अस्वच्छतेचे. जेथे पाणी दूषित असते आणि उघड्यावरील घाण हातापायांनी घरात येते, तेथील मुलांच्या पोटात रोज थोडे थोडे जंतू जात राहतात. मूल अंथरुणाला खिळत नाही, हसते-खेळते. पण आतून रसांकुर खुरटतात, सांधे सैल होतात आणि पहारेकऱ्यांना क्षणाचीही उसंत मिळत नाही. अन्नरस नीट शोषला जात नाही आणि जो शोषला जातो त्यातला काही भाग वाढीऐवजी लढाईत खर्ची पडतो. खाल्लेले अंगी न लागण्याचे एक कारण ते हेच. पूर्वीच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सेवाकार्यासाठी गेलेल्या धडधाकट अमेरिकन तरुणांच्या आतड्यांतही असेच बदल झाल्याचे १९६६ साली प्रसिद्ध झाले. मायदेशी परतल्यावर त्यांची आतडी हळूहळू पूर्ववत झाली. म्हणजे दोष वंशाचा नव्हता, परिस्थितीचा होता.

भिंत गळते की नाही, हे पाहण्याची युक्तीही मोठी गमतीची आहे. रोग्याला दोन प्रकारच्या साखरा पाण्यातून पाजतात; एकीचे कण लहान, दुसरीचे मोठे. निरोगी आतड्यातून लहान कण बऱ्यापैकी आत जातात, मोठे फारच थोडे. लघवीत मोठ्या कणांचे प्रमाण वाढलेले आढळले, तर तटाला फटी पडल्या असे समजावे.

भिंतीला इजा झाली तरी तिचे सगळेच दरवाजे बंद पडत नाहीत, हीही समाधानाची गोष्ट आहे. पटकीच्या रोगात शरीरातील पाणी भराभर आतड्यात ओतले जाते. पण साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारा दरवाजा चालूच राहतो व त्यांच्यामागोमाग पाणीही आत येते. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले!

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. 'सर्व रोगांचे मूळ गळके आतडे' असे सांगून चूर्णे व गोळ्या विकणारे लोक आज पुष्कळ आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील अर्बथनॉट लेन या नामांकित शल्यवैद्याने, आतड्यातील विषानेच नाना रोग होतात या समजुतीने, कित्येकांचे मोठे आतडे कापून काढले. पुढे ती समजूत टिकली नाही. काही प्रकारच्या मधुमेहात व यकृताच्या विकारांत आतडे अधिक पाझरते, असे आज आढळले आहे खरे. पण पाझर आधी की रोग आधी, हे अजून पुरते उलगडलेले नाही. छत्र्या उघडलेल्या दिसल्या म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असे आपण म्हणत नाही. पोट वारंवार बिघडत असेल, तर जाहिरातीकडे न जाता वैद्यांकडे जावे, हेच शहाणपणाचे.

मग आपण काय करावे? जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत, पाणी शुद्ध करून प्यावे, अन्न झाकून ठेवावे. भाकरी, उसळी, पालेभाज्या, फळे यांतील चोथा टाकाऊ समजू नये. मोठ्या आतड्यातील उपकारक जंतू त्याच्यावर जगतात आणि त्यापासून भिंतीच्या पेशींना पोसणारे द्रव्य तयार करतात. मनाला येईल तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊ नये. परंतु एवढ्यानेही काम पुरे होत नाही. बांगलादेश व केनिया येथील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत, काही घरांना साबण, शौचालय व पाणी शुद्ध करण्याची सोय दिली, तरी तेवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. आपले अंगण झाडले आणि शेजारी उकिरडा राहिला, तर माशी कुंपण मानीत नाही. गाडगे महाराज हाती खराटा घेऊन सारे गाव झाडीत, ते उगीच नव्हे.

शाळेत तुमची उंची मोजून नोंदवहीत लिहितात. तो आकडा केवळ तुमच्या ताटातील अन्नाने ठरत नाही. गावचा पाणवठा, गल्लीतील गटार आणि तुमचे स्वतःचे हात यांचाही त्यात वाटा असतो. पोटातील तट निसर्ग रात्रंदिवस बांधीतच असतो. बाहेरून त्यावर होणारा मारा थांबविणे हे मात्र तुमच्या-आमच्या हाती आहे.

अभ्यास

१. पोटात गेलेले अन्न 'उंबरठ्यावरच उभे असते' असे लेखक का म्हणतो?
२. हिरकणीच्या कथेतील कोणत्या दोन गोष्टी आतड्याच्या भिंतीस लागू पडतात?
३. परदेशी तरुणांच्या उदाहरणावरून कोणता निष्कर्ष निघतो?
४. 'छत्र्यांनी पाऊस आणला' या उदाहरणाने लेखकाला काय सुचवायचे आहे? असे दुसरे उदाहरण तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : अंगी लागणे, थैमान घालणे, खर्ची पडणे.